देव पाण्यात आणि सासूबाई ड्रेस्डेनला

माझ्या सासूबाईंचं आणि देवांचं भांडण झालं होतं. साधंसुधं नाही, चांगलं वर्षभर चाललेलं. भांडणाचं मूळ घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं न बोलताच ठरून गेलं होतं.

झालं असं, की सासरे हॉस्पिटलात होते तेव्हा सासूबाईंनी देव पाण्यात घातले. हा आपल्याकडचा जुना हुकमी उपाय. मागणं मान्य होईपर्यंत देवघरातले देव पाण्यात बुडवून ठेवायचे. त्यांचा जीव गुदमरला की आपलं काम लवकर होतं, असा हिशेब. माझ्या मते ही सरळसरळ ओलीस ठेवण्याची पद्धत आहे, पण ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मी देव मानत नसले तरी सासूबाईंना मानते. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, महादेवाची पिंडी, कुलदेवीचा टाक, सगळी मंडळी तांब्याच्या पातेल्यात गेली. सासरे मात्र घरी परत आले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर नणंदेने भीत भीत सुचवलं, "आई, आता देव काढूया बाहेर?" सासूबाई म्हणाल्या, "राहू देत तिथेच." त्यानंतर त्यांनी ना दिवा लावला, ना फूल वाहिलं, ना कुठल्या देवळाची पायरी चढली. त्या वर्षी गणपती बसले नाहीत. पातेल्यातलं पाणी मात्र त्या रोज सकाळी न चुकता बदलायच्या. शिळ्या पाण्यात देव ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. शिक्षा ती शिक्षा, स्वच्छता ती स्वच्छता.

पूर्वी त्यांची सकाळची पूजा म्हणजे पूजा कमी आणि गप्पा जास्त. गणपतीला गंध लावता लावता कामवालीच्या दांड्या, अन्नपूर्णेपुढे गवारीची तक्रार, बाळकृष्णापुढे नातीचं कौतुक. फोन स्पीकरवर टाकून पूजा चालायची आणि इकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आमच्या स्वयंपाकघरात आम्हाला कळायचं नाही, की "अरे, जरा लक्ष दे ना माझ्याकडे" हे मुलाला चाललंय की महादेवाला. सासरे गेल्यावर त्या आमच्याशी बोलायच्या. हवापाणी, जेवणखाण, सगळं व्यवस्थित. पण फोन ठेवला की नवरा खिडकीशी जाऊन उभा राहायचा. म्हणायचा, "ही माझी आई नाही, ही बातम्या देणारी बाई आहे."

तेव्हा परिस्थिती अशी होती: मी देव न मानणारी बाई, लग्नात सप्तपदीसुद्धा तोंड वाकडं करून चाललेली, आणि माझा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, की या बाईने एकदा त्या पातेल्यातले देव बाहेर काढावेत आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. भांडायचं तर भांडावं, पण बोलावं.

शेवटी आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकूंना सूचना काय, तर झाडांना पाणी घालायचं आणि देवांचं पाणी बदलायचं. "बाकी काही करायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही त्यांच्याशी." काकू त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी मान डोलावली.

इकडे आल्यावर मी लगेच कामाला लागले. हॅनोव्हरला तमिळ मंडळींनी एक छान देऊळ उभं केलंय, तिथे घेऊन गेले. सासूबाई दारापर्यंत आल्या, उंबऱ्याबाहेरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी चपला सांभाळते." जर्मनीत देवळाबाहेरून चपला चोरीला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्यांनी तासभर त्या अशा नजरेने सांभाळल्या, की येणारेजाणारे लोक आपले बूट जरा लांबच काढत होते.

मग नवऱ्याला ड्रेस्डेनच्या युनिव्हर्सिटीत काहीतरी काम निघालं, आणि आम्हीही त्याच्या शेपटीला धरून निघालो: मी, सासूबाई आणि आमची लेक. ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी. पूर्वी तिथे खराखुरा राजा होता, त्यामुळे एल्ब नदीकाठी राजवाडा, नाट्यगृह, पूल, सगळं शेजारी शेजारी दाटीवाटीने उभं आहे. सकाळी कामावर जाताना नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईला चर्चबिर्चमध्ये नेऊ नकोस. उगाच तिला बाबा आठवतील."

"त्यांना बाबा आठवायला चर्च कशाला लागतंय?" मी म्हटलं. तो बॅग उचलून गेला.

दुपारपर्यंत सासूबाईंनी राजवाडा बाहेरून पाहिला आणि "केर काढायला माणसं किती लागत असतील" एवढा एकच अभिप्राय दिला. नदीवरच्या वाऱ्याला "मेला वैरी" म्हणाल्या. मग साडीवरचा कोट आवळून आणि गुडघा धरून पुलाच्या तोंडाशी थांबल्या. समोरच कॅथेड्रल होतं. राजाच्या काळातलं, बरोक शैलीतलं. बरोक म्हणजे शिल्पकाराला "पुरे" म्हणायला कुणी नव्हतं तो काळ. छताच्या कठड्यावर चहूबाजूंनी दगडी संत उभे, विसर्जनाची मिरवणूक बघायला लोक गच्चीवर गोळा होतात तसे. दुसऱ्या महायुद्धात हे सगळं जळून ढासळलं होतं, मग लोकांनी पुन्हा बांधून काढलं. म्हणून काही दगड काळे आणि काही गोरे.

"आत बसायला बाक असतील?" सासूबाईंनी विचारलं.

"असतील. पण अहो आई, ते देऊळ आहे. म्हणजे त्यांचं." आधी सांगितलेलं बरं, नंतर आळ आपल्यावर यायला नको.

"त्यांचंच ना? मग माझी काय हरकत आहे? या देवाशी माझं काही वाकडं नाही. मी याच्याकडे कधी काही मागितलेलंच नाही."

हे म्हणणं मला चोख वाटलं. भाऊबंदकी असली तरी परक्याच्या ओसरीवर बसायला कुणाची ना नसते. आम्ही दार ढकलून आत गेलो.

दाराच्या आतच दगडी भांड्यात पाणी ठेवलेलं होतं. मी कोट काढण्यात गुंतले होते. लेक पोस्टकार्डं बघत होती. वळून पाहते तो सासूबाईंनी डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवलेला, त्याची खोलगट वाटी केलेली, ती वाटी भांड्यात बुडवून वर काढलेली, आणि अजिबात आवाज न करता पाणी प्यायलेलं. ओला हात डोळ्यांना लावून त्या डोक्यावरून फिरवत होत्या. तीर्थ घेताना म्हणायचा श्लोक ओठांवर आलेला दिसला आणि मध्येच थांबला.

"आजी, नाइन!" लेक किंचाळली. "दास ट्रिंक्ट मान निष्ट!"

आमची लेक तिसरीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. नियमांच्या बाबतीत ती आमच्या पोटी जन्मलेली अस्सल जर्मन आहे; रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबते आणि आईबापांनाही थांबवते. शिवाय तिची जिवलग मैत्रीण कॅथलिक, त्यामुळे चर्चमधले कायदेकानू तिला तोंडपाठ. ते पाणी प्यायचं नसतं, बोट बुडवून क्रॉस करायचा असतो, आणि त्यात सगळं गाव बोटं बुडवतं, हे तिने एका दमात जाहीर केलं. मी ते मराठीत सांगितलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. बोटं घालण्याचं त्यांना काही नव्हतं. तीर्थाला कसले आलेत जंतू. त्यांचं दुःख वेगळंच होतं. वर्षभराचा निर्धार असा एका ओंजळीत वाहून गेलेला त्यांना परवडणारा नव्हता. हात कोटाला पुसत त्या म्हणाल्या, "मी नाही घेतलं. हाताने घेतलं. हाताला काय कळतंय?"

एवढ्यात पोस्टकार्डांच्या टेबलामागून एक वयस्क जर्मन बाई लगबगीने आमच्याकडे आल्या. छातीवर बिल्ला, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मी माफीची वाक्यं मनात जुळवू लागले. पण बाईंच्या हातात बाटली आणि ग्लास होता. बिचाऱ्यांना वाटलं होतं, या म्हाताऱ्या बाईला एवढी तहान लागलीय की ती दिसेल ते पाणी प्यायली. त्यांनी ग्लास भरून पुढे केला. आता जर्मनीत पाणी साधेपणाने मिळत नाही, ते फसफसतं. सासूबाईंनी कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून ग्लास रिकामा केला. मग कॅथेड्रलच्या त्या उंच पांढऱ्या शांततेत त्यांना असा खणखणीत ढेकर आला, की पुढच्या बाकावरचे एक आजोबा मागे वळले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बिल्लेवाल्या बाई समाधानाने म्हणाल्या, "गेनाऊ!" आणि बाटली घेऊन परत गेल्या.

"काय म्हणाली?"

"बरोब्बर, म्हणाली."

"चांगली आहे बाई," सासूबाई म्हणाल्या.

मग आम्ही आत हिंडलो. मुख्य सभागृहाभोवती एक रुंद वाट पूर्ण फेरी घालते. लेकीने पाटी वाचून सांगितलं, की बांधलं तेव्हा गाव सगळं दुसऱ्या पंथाचं होतं, राजा तेवढा कॅथलिक. रस्त्यावर मिरवणूक काढली असती तर डोकी फुटली असती, म्हणून मिरवणुकीसाठी आतच वाट करून ठेवली. सासूबाईंना ही कल्पना फारच पटली. "आपल्याकडे कुणीतरी सांगा रे हे," असं म्हणत त्यांनी गुडघे मोकळे करायच्या निमित्ताने एक फेरी मारली. कुणी सांगितलेलं नसताना वेदी उजव्या हाताला ठेवून. मी हे पाहिलं आणि काही बोलले नाही. बोलले असते तर उलटी फेरी मारून त्यांनी ती रद्द करून टाकली असती.

तळघरात राजघराण्याच्या शवपेट्या आहेत, आणि एका शौकीन राजाचं नुसतं हृदय एका डबीत ठेवलेलं आहे. सुंदर बाई जवळून गेली की ते अजून धडधडतं, अशी गावात दंतकथा. सासूबाईंनी ती ऐकून घेतली. "मेल्यावरसुद्धा?" म्हणाल्या. "राणीच्या नशिबाला काय भोग होता बघ." आणि पुढे चालू लागल्या.

एका बाजूला लहानसं दालन आहे. युद्धात मेलेल्या लोकांच्या आठवणीसाठी ठेवलेलं. तिथे एक मोठं पांढरं शिल्प आहे, चिनी मातीचं.

"कपबशीची असते ती?"

"तीच."

सासूबाईंनी नाक मुरडलं. बाहेरच्या सगळ्या नक्षीनंतर हे शिल्प ओबडधोबड होतं, अलीकडच्या काळात कुणीतरी केलेलं. एक बाई बसलेली. तिच्या मांडीवर एक मोठा, वाढलेला मुलगा आडवा पडलेला.

"कोण ही?"

"मारिया. येशूची आई."

"आणि हा?"

"येशू."

"निजलाय?"

मी काय सांगावं याचा विचार करत होते. लेकीने आजीचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "टोट." मेलेला, हा त्या शब्दाचा अर्थ सासूबाईंना मी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या तिथल्या बाकावर बसल्या.

"देव म्हणजे हाच ना यांचा?"

"हो. देव आणि देवाचा मुलगा."

"मग बाप कुठे होता?"

लेकीने बोट वर केलं.

"बघत होता?"

"या," लेक म्हणाली, म्हणजे हो.

"आणि काही केलं नाही?"

लेकीने थोडा विचार केला. ती प्रामाणिक मुलगी आहे. "नाइन," ती म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती उत्साहाने पुढे सांगू लागली, की पण तिसऱ्या दिवशी तो परत उठला, म्हणून तर ओस्टर्न असतं.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, ईस्टरची शाळेला सुट्टी असते," मी म्हटलं.

लेकीला मराठी कळतं. तिने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. मग आजीकडे पाहिलं, आणि काय उमगलं कोण जाणे, गप्प बसली. तिला मी नंतर बाहेर चॉकलेट घेऊन दिलं. दुसऱ्याचं माणूस परत आलं, ही गोष्ट त्या क्षणी त्या बाकावर बसलेल्या बाईला सांगणं मला जमलं नसतं. त्या धर्माची मी मनातल्या मनात माफी मागितली.

सासूबाई बराच वेळ त्या पांढऱ्या बाईकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरचा देव. मांडीवर वाढवलेला. तरी हिचं कुणी ऐकलं नाही."

मी बाकावर त्यांच्या शेजारी टेकले.

"ऐकलं नाही, की त्यांच्या हातातच नव्हतं गं?"

आता हा प्रश्न म्हणजे माझा हातखंडा. कॉलेजात असल्यापासून मी यावर भल्याभल्यांना गप्प केलंय: हातात होतं आणि केलं नाही तर देव निर्दयी, हातातच नव्हतं तर तो देव कसला? उत्तर जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं. "मला नाही माहीत, आई," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"मी धरून बसले, की ह्यांच्यासाठी एवढं मागितलं ते ऐकूनसुद्धा मुद्दाम केलं नाही त्यांनी. रोज पाणी बदलताना म्हणायचे, बसा. आता कळू दे तुम्हाला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मुद्दाम नसेल केलं. जमलंच नसेल." आणि मग अगदी हळू, "बिचारे."

आणि त्या रडल्या. सासरे गेले त्या दिवशी रडल्या नव्हत्या, तेराव्याला रडल्या नव्हत्या, विमानतळावर मुलाच्या गळ्यात पडल्या तेव्हाही नाही. त्या आज रडल्या, आणि त्यांच्या एका बाजूला मी रडले, आणि दुसऱ्या बाजूला लेक, कारण आम्ही दोघी रडत होतो. नवऱ्याने नेऊ नको म्हणून बजावलं होतं ते याच भीतीने. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

सासूबाईंनी नाक पुसलं. "फोन लाव," म्हणाल्या.

"आत फोन करायचा नसतो," लेकीने जर्मनमध्ये सांगितलं, रडता रडता.

म्हणून आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. वारा तसाच होता. मी शेजारच्या काकूंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होत आलेली. काकूंचा अर्धा चेहरा आणि छताचा पंखा दिसला.

"अगं, काय झालं? बरी आहेस ना?"

"किल्ली घे आणि माझ्या घरात जा," सासूबाई म्हणाल्या. "देव काढ पाण्यातून."

काकूंनी का, कसं, काहीही विचारलं नाही. नुसत्या चपलांचा आवाज, मग कुलपाचा, मग ओळखीच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला आणि ओट्यावरचं तांब्याचं पातेलं दिसलं. काकूंनी फोन डब्याला टेकवून उभा केला.

"खालच्या खणात माझ्या जुन्या साडीचा तुकडा आहे, मऊ. त्याने पूस. नाही, तो नाही, तो ओट्याचा. पिवळा. हां. रगडू नकोस गं, टिपून घे."

एकेक देव पाण्यातून वर येत होता आणि सासूबाई फोनमध्ये नाक खुपसून बघत होत्या. पायऱ्यांवरून येणारेजाणारे प्रवासी आम्हाला वळसा घालत होते. सासूबाईंनी थंडीसाठी डोक्याला गुंडाळलेली शाल वाऱ्याने खाली घसरली होती. मी ती उचलून पुन्हा गुंडाळली, त्यांना पत्ता नव्हता.

"बाळकृष्णाच्या कानात पाणी राहतं. वातीचं टोक घाल. हळू. दुसऱ्या कानात पण."

"झालं," काकू म्हणाल्या. "सगळे पाटावर ठेवलेत. नैवेद्य काय दाखवू? साखर ठेवू चिमूटभर?"

"साखर कसली ठेवतेस?" सासूबाई कडाडल्या. "दूध गरम कर. हळद घाल त्यात थोडी. वर्षभर पाण्यात होती पोरं."